त्याचे अर्ज त्यालाच भरू द्या
वरती एका ताईंनी लिहिलंय की मुलगा २३ चा झाला, डिग्री होऊन वर्ष झालं, दिवसभर खोलीतच असतो आणि नोकरीचे अर्ज त्याच भरतात. ताई, काळजी अगदी कळते, पण अर्ज भरणं आधी थांबवा, कारण मग नकार आला तरी तो त्याला स्वतःचा वाटतच नाही. जेफ्री आर्नेट या मानसशास्त्रज्ञाने २००० साली १८ ते २५ हा वेगळाच टप्पा मानला, धड टीनएजर नाही धड मोठा नाही, त्यामुळे या वयात चाचपडणं नॉर्मल आहे आणि "आयुष्यात काय करणार?" असं रोज विचारलं की पोरगं जेवायला बाहेर यायचंही टाळतं. त्यापेक्षा "या आठवड्यात नोकरीसाठी कोणाला फोन करतोयस?" एवढंच विचारा. आणि घरातलं एक काम पूर्णपणे त्याच्यावर सोपवा, समजा लाइट बिल, तर तारीख लक्षात ठेवण्यापासून भरण्यापर्यंत सगळं त्याचं, तुम्ही आठवणसुद्धा करून द्यायची नाही (हे फार जड जातं, माहितीये). मात्र झोप-जेवण बिघडलं असेल, मित्रांशीही बोलणं तुटलं असेल तर त्याला आळस समजू नका, त्याच्याशी बोलून आधी समुपदेशकाला भेटा.