मदत हवी आहे: ट्रॅफिकमध्ये पिकअपचा टेंपरेचरचा काटा चढतो

डिझेल पिकअप, 2017 मॉडेल, एसी नाही. नारायणगावहून टोमॅटो भरून वाशीला जाते. रस्ता मोकळा असला की काटा निम्म्यावर. चाकणला तळेगाव चौकात अडकली की लाल पट्टीकडे सरकतो. गाडी हलली की पुन्हा खाली. हीटर फुल्ल सोडून वेळ मारून नेतो, पण मे महिन्यात केबिनमध्ये माणूस शिजतो.

रेडिएटर आतून-बाहेरून साफ केलाय, कॅप आणि थर्मोस्टॅट नवे. कूलंट कमी होत नाही, ऑइल दुधाळ नाही (म्हणजे त्यात कूलंट मिसळत नाही), तरी मेकॅनिक इंजिनचं हेड उतरवायचंच म्हणतो! (थर्मोस्टॅट काढून टाका, हा सल्ला नको.)

माझा संशय फॅनच्या व्हिस्कस क्लचवर (इंजिन तापलं की पंख्याला घट्ट पकडून जोरात फिरवणारा भाग). इंजिन चांगलं तापलेलं असताना बंद केलं, तरी पंखा हाताने भिंगरीसारखा फिरतो. एवढ्यावरून क्लच गेला असं धरायचं, की बदलण्याआधी आणखी काही तपासायचं?