अनुभव धागा: पायी पुणे, शनिवारवाडा वगळून

पाहुणे आले की आपण त्यांना शनिवारवाडा, दगडूशेठ, पर्वती आणि वेळ उरला तर केळकर संग्रहालय दाखवतो, बाकरवडी हातात देतो आणि झालं पुणं म्हणतो. इथे हे सगळं वगळून लिहायचं आहे. पेठांमधून हिंडताना काय दिसलं, कुणी दाखवलं, आत जाऊ देतात का, कधी जावं. दोनच अटी. मारुती-विठोबांच्या विचित्र नावांची यादी नको, ती इथे शेंबड्या पोरालाही पाठ आहे. आणि 'पूर्वीचं पुणं राहिलं नाही' एवढंच म्हणायचं असेल तर कृपया पुढच्याला जागा द्या.

कसब्यातली सून

मी सुरुवात करते. लग्न होऊन कसब्यात आले आणि काही दिवसांतच सासूबाईंनी कल्हई गेलेली पातेली पिशवीत भरून मला तांबट आळीत धाडलं. पत्ता विचारला तर म्हणाल्या, "कान उघडे ठेव, सापडेल." खरंच तसंच आहे. सकाळी दहाच्या पुढे गेलात तर ठोक्यांच्या दिशेने चालत राहायचं.

आता पत्र्याला आकार बहुतेक यंत्रावरच देतात, पण मठारकाम हातानंच चालतं. भांडं लोखंडी दांड्यावर टेकवायचं, एका हाताने फिरवत राहायचं आणि दुसऱ्या हाताने ठोके. ठोका ठोक्याला लागून आणि सारख्याच जोराचा पडायला हवा. त्याने तांबं टणक होतं आणि ते टपोरे चकाकते ठिपके उमटतात. मी बघत उभी राहिले तर एक काका मान वर न करता म्हणाले, "घंगाळ हवंय की फोटो?" दोन्ही चालतं त्यांना, पण आधी विचारा. अंगावर येऊन कॅमेरा लावणाऱ्यांचा त्यांना वैताग आहे, आणि तो रास्त आहे. बंब आणि घंगाळी आता आंघोळीपेक्षा बंगल्यांच्या दारात झाडं लावायला जास्त जातात. मला ते बघवत नाही, पण काका म्हणतात, विकलं जातंय ना.

तिथून कुंभारवाड्याकडे उतरता येतं. बरेच कुंभार मुंढव्याला केशवनगरात गेले, तरी दिवाळीच्या आधी पणत्यांचे ढीग लागतात तेव्हा एक फेरी माराच.

निवृत्त ओव्हरसियर

पेठा बघायच्या तर पाण्याच्या मागे चालावे, असे माझे मत आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालच्या नळाने शहरात आणले. पंप नाही, काही नाही. सगळा खेळ उताराचा. कात्रजला दोन तलाव, म्हणजे गाळ एकात बसावा आणि निवळलेले पाणी दुसऱ्यातून पुढे जावे. नळावर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले होते. आत अडकलेली हवा तिथून बाहेर पडते, आणि साफसफाईला माणूसही उतरवता येतो. शनिवारवाड्यातले कारंजे लोक बघतात, पण ते उडायचे कशावर, हे विचारत नाहीत.

शहरात हे पाणी हौदांत यायचे. काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठ हौद, नाना हौद. नोकरीत असताना जुने नकाशे हाताळायला मिळाले, त्यामुळे मला ही ओळ डोळ्यांपुढे दिसते. तुम्ही बिबवेवाडी, पद्मावती, स्वारगेट करत शनिवारवाड्यापर्यंत चाला. रस्ता सगळा उताराचाच आहे, हे पायांना आपोआप कळेल. आजच्या अभियंत्यांनी एकदा तरी चालावे. (यावर अधिक लिहिले तर भांडण होईल.)

नारायण पेठ

ओव्हरसियर साहेब, पाण्याचं निघालंच आहे तर पानशेतचं धरण फुटून आलेला पूर विसरू नका. १२ जुलै १९६१. आई पाठीवर धाकट्याला घेऊन गच्चीवर चढली, समोरचा मातीचा वाडा बसला तो तिच्या डोळ्यांदेखत. नदीकाठच्या पेठांत पुराच्या रेषा अजून काही भिंतींवर दाखवतात. नव्या इमारती झाल्या तशा रेषा कमी होत चालल्या. त्या रेषेखाली उभं राहून नदी कुठे आहे ते एकदा बघा.

मूळचा सोलापूरचा

शिकायला आलो आणि सोमवार पेठेत खोली मिळाली, त्यामुळे पुणं मला उलट्या बाजूने कळलं. लक्ष्मी रोड नंतर, नागझरी आधी. नागझरी म्हणजे एके काळचा ओढा. आता नाक दाबून ओलांडायचा. पण त्याच्याच काठी, कमला नेहरू रुग्णालयापासून जवळ, त्रिशुंड गणपती आहे. मेसला जाताना रोज समोरून जायचो, आत पाऊल टाकलं ते केवळ पाऊस आला म्हणून.

काळ्या दगडाचं देऊळ, दर्शनी भिंत कोरीव कामाने गच्च. द्वारपाल, हत्ती, मोर आणि त्यांच्यात साखळदंडाने बांधलेला एक गेंडा, शेजारी बंदूकवाले शिपाई. गेंडा! सोमवार पेठेत! काम १७५४ मध्ये सुरू झालं, भीमगीरजी गोसावींनी करवलं. आत संस्कृत शिलालेख आहेत आणि फारसीही. मूर्तीला तीन सोंडा आणि वाहन मोर, उंदीर नव्हे. खाली तळघरात एका गोसावी महंतांची समाधी आहे. तळघर एरवी पाण्याने भरलेलं असतं. गुरुपौर्णिमेला पाणी काढून दर्शनाला खुलं करतात, त्या दिवशी रांग असते.

माझा पुणेरी रूममेट जन्मापासून इथला, त्याने हे देऊळ पाहिलेलं नव्हतं. वर मलाच म्हणाला, "आमच्याकडे असं बरंच आहे."

कॅमेरावाला

वाड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दिंडी दरवाजा उघडा दिसला की आपल्या लोकांना वाटतं संग्रहालय आहे. आत माणसं राहतात, कपडे वाळत असतात, आजी दुपारची पडलेली असते. चौकात शिरायच्या आधी हाक मारा. एक ते चार अजिबात नको. नीट विचारलं तर मात्र मंडळी स्वतःहून माडीवर नेतात, सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव खांब दाखवतात, मग भाडेकरू-मालक दावाही सुरुवातीपासून सांगतात. तो ऐकून घ्यायचा, तोच वाड्याचा खरा इतिहास.

आणि लवकर जा. बुधवार पेठेतला भिडे वाडा, जिथे सावित्रीबाई-जोतीरावांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली, वर्षानुवर्षं पडायला टेकलेला होता. डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. स्मारक व्हायलाच हवं. पण त्या जुन्या जिन्याचा फोटो मागायला लोक आता माझ्याकडे येतात, वाडा उभा होता तेव्हा कुणी थांबत नव्हतं. गंज पेठेतला फुलेवाडा तरी बघून घ्या. अंगणातली विहीर आहे, १८६८ मध्ये जोतीरावांनी अस्पृश्यांना खुली केलेली.

कसब्यातली सून

कॅमेरावाल्यांना अनुमोदन. एक भर घालते, पुरुषांच्या यादीत ती कधीच नसते: बायकांनी पेठांमध्ये चार तास फिरायचं तर स्वच्छतागृह कुठे, हे आधी ठरवून निघावं लागतं. सप्टेंबर २०२४ पासून कसबा आणि मंडईला मेट्रो स्टेशन झालंय, तेवढी सोय झाली. मी आता वाट तशीच आखते.

गुरुवार पेठेतला

पूर्वेकडची पुण्याई कुणाला आठवत नाही वाटतं. आमच्या पंचहौद मिशनला या. तिथलं चर्च, पवित्र नाम देवालय, १८८५ चं, शेजारी घंटांचा मनोरा वेगळा उभा. मनोऱ्यात आठ घंटा आहेत. आमच्या आजोळी त्याच घंटांवर स्वयंपाकाचं वेळापत्रक चालायचं. घरातले अर्धे लोक गणपतीत ढोल वाजवणारे, पण त्याने काही बिघडलं नाही.

इथेच १८९० मध्ये तो चहा झाला. व्याख्यान, मग मिशनऱ्यांनी पुढे केलेला चहा-बिस्किट, टिळक आणि रानड्यांसारखी मंडळी हजर. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणवली. कोण प्यालं, कोण नाही, यावरून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. मी पाहुण्यांना ही गोष्ट जवळच्या अमृततुल्यात सांगतो, कप हातात असताना.

तिथून रास्ता पेठेत १९२१ चं सुक्कथ शेलोमो सिनेगॉग आहे, मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंचं प्रार्थनास्थळ. पुढे कॅम्पात लाल देऊळ, तेही सिनेगॉगच, १८६७ चं, डेव्हिड ससूनने बांधलेलं, लाल विटांचं. एका सकाळी तिन्ही होतात.

मूळचा सोलापूरचा

सिनेगॉगमध्ये असंच जाता येतं का? रविवारी जुन्या बाजाराला जाणार आहे, तसाच पुढे गेलो तर?

गुरुवार पेठेतला

असंच नाही, आधी विचारून परवानगी घ्यावी लागते. ओळखपत्र जवळ ठेवा. शनिवार टाळा, त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांती-प्रार्थनेचा दिवस. डोकं झाकायला रुमाल असू द्या. आणि जुना बाजार आधी उरकू नका, नाहीतर हातात जुना ग्रामोफोन घेऊन प्रार्थनास्थळाच्या दारात उभे राहाल.