किरास, कवा, फकियाना, शाल: कुर्दी आणि असिरियन बायकांच्या पोशाखातले शब्द

विचारणा: कुर्दी बायकांच्या पोशाखावरचा मजकूर मराठीत आणतोय. 'किरास' आणि 'कवा' दोन्हींना 'अंगरखा' चालेल का? आणि 'शाल' तशीच ठेवू ना?

उत्तर: अंगरखा दोन्हींना नको. सुलेमानिया, एर्बिलकडे (इराकचा कुर्दी भाग) किरास म्हणजे पायघोळ झगा, बहुधा टिकल्या लावलेल्या झिरझिरीत कापडाचा. तो अंगावर एकटा कधीच नसतो. आधी घोट्याशी चुण्या घेतलेली सलवार, मग साध्या सॅटिनचा झेरकिरास ('झेर' म्हणजे खाली), मग किरास, आणि वरून सुखमा ही आखूड बंडी किंवा कवा. झेरकिरास आखूड बेतला की त्याची कड जाळीतून आडव्या पट्ट्यासारखी दिसते आणि सगळा झगा वाया जातो. कवा समोरून पूर्ण उघडा, पायघोळ. अंगरख्याला छातीवर बंद असतात, कव्याला नसतात, म्हणून 'पायघोळ डगला' बरा.

मात्र इराकच्याच उत्तरेकडच्या दुहोकला हे लावू नका. तिथे 'किरास-फिस्तान' (फिस्तान म्हणजे झगा) अशी जोडी बोलतात आणि कुर्मांजीत, म्हणजे तिकडच्या कुर्दी बोलीत, पुरुषाचा सदराही किरासच.

पुरवणी: बाह्या विसरू नका! किरासाच्या बाहीला मनगटापाशी लांब निमुळतं शेपूट असतं. सोरानी बोलीच्या भागात (सुलेमानिया, एर्बिलकडे) ते फकियाना, बादिनानात म्हणजे दुहोककडे लवंदी. कामाच्या वेळी ते दंडाभोवती गुंडाळतात, नाहीतर दोन्ही टोकं मानेमागे बांधतात. हातात हात धरून नाचताना मोकळं सोडलं तर शेजारणीच्या हातात अडकतं. 'लांब बाही' एवढंच लिहिलंत तर वाचकाला यातलं काहीच कळणार नाही.

'शाल'बद्दल: इथे सर्वांत जास्त घोळ होतो. इराणमधल्या महाबादच्या मुक्रियान भागात शाल कंबरेला गुंडाळतात. तुर्कस्तानातल्या हक्कारीच्या 'शाल-शापिक'मध्ये शाल म्हणजे चक्क विजार (शापिक म्हणजे वरचा डगला), तीही पुरुषांची, मोहेरची (अंगोरा शेळीच्या लोकरीची). ती कुर्द आणि असिरियन (तिथला ख्रिस्ती समाज) दोघंही घालत. उत्तर इराकच्या निनवे मैदानातल्या असिरियन वस्तीच्या बख्दिदा गावात (काराकोश) मात्र शाल बायकांचीच: चौकडीचं लोकरी कापड, त्यावर रंगीत धाग्यांनी भरलेले क्रॉस, माणसं, पक्षी, आणि ती एका खांद्यावरून घेतलेली. आपल्यासारखी दोन्ही खांद्यांवर पांघरलेली नव्हे. त्यामुळे मराठीत अनुक्रमे शेला, विजार, भरतकामाची ओढणी असं वेगळं लिहा आणि मूळ शब्द पहिल्यांदाच सांगून टाका. खांद्यावरच्या वस्त्राला सोरानीत कोलवाना हा निराळा शब्द आहे, तो या शालीत मिसळू नये.

प्रतिप्रश्न: मग 'तियारी', 'जिलू', 'बाझ' ही गावं धरायची का?

उत्तर: ती असिरियन टोळ्यांची आणि त्यांच्या हक्कारीतल्या मुलखांची नावं. पहिल्या महायुद्धात ते लोक तिथून उखडले गेले, पुढे इराक, सीरियात पसरले. म्हणून 'तियारी पद्धतीचा पोशाख' लिहा, 'तियारीत आज घालतात' नको. सणासुदीच्या पोशाखाला त्यांच्यात खोमाला म्हणतात, हा शब्द तसाच ठेवावा.

आणखी एक: पश्चिम इराणच्या इलाम, किरमानशाहकडचं डोक्याचं वस्त्र गलवनी. रेशमी, गोंडे लावलेलं, डोक्याभोवती वेढे देऊन बांधलेलं. त्याला 'ओढणी' म्हटलंत तर वेढे हरवतात. 'मुंडासं' जवळचं, फक्त 'बायकांचं' हे जोडायला हवं.