मदत हवी आहे: 'उसकी बहन'मुळे हिज आणि हर यांत होणारी गल्लत

नमस्कार. मी इंदूरला, रामबागेत राहते. संध्याकाळी पाचवी-सहावीची सहा मुलं इंग्रजीला येतात. चार मराठी घरांतली, पण शाळेत नि खेळताना सगळी हिंदीच बोलतात.

परवा एकानं लिहिलं, 'राजू अँड हर सिस्टर'. विचारलं तर म्हणाला, "काकू, सिस्टर तो लड़की है ना!" चूक विचार करून केलेली, म्हणून नुसती खोडून पुढे जाववत नाही. हिंदीत 'उसका भाई', 'उसकी बहन'; का-की पुढच्या नामाप्रमाणे बदलतं, ती बहीण मुलाची की मुलीची हे त्यातून कळतच नाही. इंग्रजीत नेमकं तेच बघायचं असतं.

दुसरी अडचण अपॉस्ट्रॉफीची. शिकवली की साध्या अनेकवचनातही घालतात. बॉयला नुसता एस, एसच्या आधी चिन्ह, एसच्या नंतर चिन्ह, कानाला तिन्ही 'बॉइज'च! शुद्धलेखन घालताना त्यांना कळावं कसं? नियम मला येतात, गळी कसे उतरवायचे ते सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी बडोद्याला शिकवते. गुजरातीत 'एनो भाई', 'एनी बहेन', म्हणजे इथेही तोच पेच. मी मराठी मुलांना घरच्या भाषेतून नेते. 'त्याची बहीण', 'तिचा भाऊ' लिहायचं आणि चा-ची बोटानं झाकायचं. उरलं 'त्या' तर हिज, 'ति' तर हर. आपल्या शब्दात मालक आणि वस्तू दोघांची खूण असते, इंग्रजीला मालकाचीच पुरते.

अपॉस्ट्रॉफीसाठी आधी मालक पूर्ण लिहवून घ्या. एक मुलगा असेल तर बॉय, पुष्कळ असतील तर बॉइज. त्यानंतर चिन्ह. अनेकवचनाचा एस आधीच आला असेल तर दुसरा नको. चिल्ड्रनला तो नाही, म्हणून तिथे चिन्ह देऊन एस. आणि हिजला आपण चिन्ह देत नाही, तसं मालकी दाखवणाऱ्या इट्सलाही नाही. 'इट इज' किंवा 'इट हॅज' असं सोडवून वाचता आलं तरच द्यायचं.

धागाकर्ती:
आजच बोट ठेवून पाहिलं. चौघांना लगेच उमगलं. हिंदी घरांतल्या दोघांना आधी "किसकी?" विचारलं, "राजू की" आलं की हिज. खूप आभार! आता 'रामूचा पाय'ला एस आणि 'टेबलाचा पाय'ला बहुधा ऑफ, हे कसं समजावता? मराठीत दोन्हीकडे 'चा'च आहे.