प्रतिसाद : कोलारची खाण पर्यटकांसाठी उघडावी का?

कोलारची सोन्याची खाण पर्यटकांसाठी उघडावी, असं वर एकाने सुचवलंय. कल्पना मलाही मनापासून आवडली, पण अख्खी खाण उघडणं कठीणच. ती तीन किलोमीटरहून खोल गेलेली, २००१ मध्ये बंद झाली, आणि उपसा थांबला की खालचे मजले पाण्याने भरतातच.

ऑस्ट्रेलियात बेंडिगोला सेंट्रल डेबोरा नावाची खाण मुलीकडे गेलो असताना पाहिली. १९५४ मध्ये बंद पडलेली. तिथेही सगळी खाण दाखवत नाहीत, ठरावीक मजलेच. हेल्मेट-दिवा चढवून पाळण्यातून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, खाली उतरायचं. पांढऱ्या गारगोटीची शीर भिंतीतून तिरकी गेलेली दिसते, सोनं मात्र बॅटरी अगदी जवळ धरल्याशिवाय नजरेत येत नाही. तिथल्या माणसाने दगड फोडायचं यंत्र काही क्षण चालवलं, तेवढ्याने कान बधिर झाले. पूर्वी ही यंत्रं पाण्याशिवाय कोरडी चालायची. त्या धुळीने कामगारांची फुफ्फुसं निकामी व्हायची. हे ऐकून मला आपल्या सोलापूरच्या गिरण्या आठवल्या. कापसाच्या फुफाट्यात उभी हयात काढलेली, सतत खोकणारी माणसं आमच्या चाळीत होती.

म्हणून कोलारला एखादा वरचाच सुरक्षित बोगदा, खाणीत उतरायच्या विहिरीवरचा लोखंडी मनोरा आणि पाळणा ओढणारं यंत्र एवढं जरी नीट जपलं तरी पुष्कळ आहे. माहिती सांगायला मात्र तिथले जुने कामगारच हवेत, आणि तेही पगारावर.