पर्यावरण म्हणजे पाठांतर नव्हे

सिव्हिल इंजिनिअरिंगला जाणाऱ्या एका मुलीला कोणता विषय घ्यावा हा प्रश्न पडलाय, आणि एकांनी तिला सांगितलंय की पर्यावरण अभियांत्रिकी म्हणजे नुसतं पाठांतर, स्ट्रक्चरच (इमारती-पुलांच्या रचनेचा विषय) घे. मला हे अजिबात पटत नाही. मी नागपुरातच शिकले. नाग नदीचं पाणी आणायचं आणि बीओडीसाठी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्या मापासाठी) बाटली २७ अंशांवर तीन दिवस ठेवायची. परदेशी पुस्तकांत २० अंश, पाच दिवस असतात. आपलं मानक आपल्या हवामानाला धरून आहे. बूच लावताना आत एक बुडबुडासुद्धा राहता कामा नये. मग टायट्रेशन, म्हणजे थेंब-थेंब रसायन घालून ऑक्सिजन मोजणं: स्टार्चचा निळा रंग एका थेंबासरशी जातो, तो थेंब चुकला की गेली मेहनत. हे पाठ करून कसं येईल?

शिवाय शिकायला नागपूरसारखं गाव नाही. नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्था इथे १९५८ पासून आहे. भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्रात वापरतात. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा हायड्रॉलॉजी (पाऊस-पाणी, पूर यांचा अभ्यास) कशासाठी शिकायची हे वेगळं सांगावं लागलं नाही.

तुला पाण्याची ओढ असेल तर कुणाच्या सांगण्यावरून सोडू नकोस गं. फ्लुइड मेकॅनिक्स (पाणी-हवा कशी वाहते त्याचं शास्त्र) आणि रसायनशास्त्र तेवढं पहिल्यापासून पक्कं कर.