मदत हवी आहे: रोल फसला की सेशन तिथेच अडकतं

नमस्कार मंडळी. आम्ही डन्जन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं वठवत, फासे टाकत खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो, २०१४ चे नियम. चार खेळाडू आणि मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारी. लढाईत काही अडत नाही. घोळ होतो तो एरवी फासा फसल्यावर.

उदाहरण देते. चोराला कुलूप उघडायचंय, डीसी (गाठायचा आकडा) १५. वीस बाजूंच्या फाशावर पडले ३, त्यात कौशल्याचे ७ मिळवून १०. मी म्हणते, नाही उघडलं. तो म्हणतो, परत बघतो. तेही फसतं. मग बार्ड (गाणारी जादूगार) पुढे सरसावते, तिच्यामागे पॅलाडिन (चिलखती योद्धा). कधीतरी कोणाला तरी १८ पडतात आणि दार उघडतं. मधला सगळा वेळ फासे खुळखुळवले ते कशासाठी?

दुसरा उपाय म्हणजे फजिती. १ पडला की हत्यार मोडलं, बोट कापलं. बाकीचे खिदळतात, पण चोरवाला खट्टू होतो. "पाचव्या लेव्हलचा चोर आहे मी. बोट कापून घेईन का?" आता यावर काय बोलणार!

शिवाय भिंतीतल्या कप्प्यात खुनाचा एकमेव धागा ठेवलाय आणि शोधायचा रोल फसला, की रहस्य तिथेच गाडलं जातं. पडद्याआड आकडा बदलणं मला पटत नाही, तेवढं सोडून काय ते सुचवा.

प्रतिसाद १

फासा हातात देण्याआधी स्वतःला विचारा, हा फसला तर काय होईल? उत्तर "काहीच नाही" असेल तर फासा टाकायला सांगूच नका. पहारा नाही, घाई नाही, तर पाचव्या लेव्हलचा चोर ते कुलूप उघडणारच. २०१४ च्या डीएम मार्गदर्शकातही हे आहे: पुन्हा प्रयत्न करायला काही किंमत पडत नसेल, तर दहापट वेळ घ्या आणि काम झालं असं धरा. (अर्थात अशक्य गोष्ट दहापट वेळ देऊनही होत नाही.) तिसऱ्या आवृत्तीत अशाच नियमाला 'टेक ट्वेंटी' म्हणायचे, फक्त तिथे वेळ वीसपट लागायचा.

घाई असेल तर पणाला काय लागलंय ते आधीच सांगा. "गस्त जिन्यावर आहे. रोल फसला तर कुलूप उघडेल, पण तोवर ते वर पोचलेले असतील." आता तेच १० पडले, तर दार उघडलंय, चोराचा हात अजून कडीवर आहे आणि मागून कंदिलाचा उजेड त्याच्या पाठीवर पडलाय. परत रोल मागायला जागाच उरत नाही. आणि यात चोर कुठेही बावळट दिसला नाही. खापर नेहमी परिस्थितीवर फोडा, पात्राच्या हुशारीवर नको.

१ पडला की हमखास फसतंच, हा नियम त्या आवृत्तीत हल्ल्याच्या रोलपुरता आहे. कौशल्याच्या रोलला १ अधिक ७ म्हणजे ८. डीसी ५ असेल तर चक्क जमलं!

प्रतिसाद २

वरच्याशी बराचसा सहमत, पण "जमलं, पण..." प्रत्येक वेळी केलंत तर खेळाडू दोन सेशनमध्ये ओळखतात की दार कसंही उघडणारच. मग फाशाची धास्ती राहत नाही. सरळ "नाही" म्हणायलाही हरकत नाही, फक्त दुसरी वाट तयार हवी: खिडकी, किल्ली बाळगणारा नोकर, छतावरून उडी. मार्गदर्शकातली 'किंमत मोजून यश' ही सूटही एक-दोन आकड्यांनी हुकलेल्या रोलसाठीच आहे.

धाग्याचं मात्र वेगळं. ज्याच्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, ते फाशाच्या भरवशावर ठेवायचंच नाही. गमशू पद्धतीच्या खेळांत योग्य कौशल्य असलेलं पात्र योग्य जागी शोधतं तेव्हा धागा मिळतोच, रोल लागत नाही. तुमच्याकडे रोल ठेवायचाच असेल तर असा ठेवा: चिठ्ठी सापडते, फसलात तर कप्प्याचा आवाज खालच्या मजल्यावर जातो.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. हे लगेच वापरण्यासारखं आहे. एक राहिलं. चौघं दबकत निघाले की कोणीतरी फसतोच, बहुतेक चिलखतवाला पॅलाडिन. मग सगळं लपणं फुकट.

प्रतिसाद ३

साहजिकच आहे. प्रत्येकाला ५५ टक्के संधी धरली, तरी चौघंही एकदम यशस्वी होण्याची शक्यता जेमतेम ९ टक्के. म्हणून ग्रुप चेक वापरा: निम्मे जमले की सगळे सुटले. त्याच ५५ टक्क्यांवर हा आकडा ७६ च्या आसपास जातो. पॅलाडिनला चिलखतामुळे दोन फाशांतला कमी आकडा घ्यावा लागत असेल, तर थोडा खाली येईल, पण खेळण्याजोगा राहतो.

आणि पॅलाडिनचा रोल फसला तर तो कसा सावरला गेला ते चोराला सांगायला लावा. आमच्याकडे चोराने त्याच्या चिलखताच्या पट्ट्यांत चिंध्या कोंबल्या होत्या. तेव्हापासून दबकत जायचं म्हटलं की पॅलाडिनवाला स्वतःच चिंध्या मागतो.

धागाकर्ती

हे भारी आहे. पुढच्या सेशनला गोदामात शिरायचंय, तिथे ग्रुप चेकच ठेवते. कसं झालं ते इथेच लिहीन.